जुनं रिव्हॉल्व्हर घेताना चकाकी बघू नका, घोडा हळू ओढून बघा

वापरलेलं रिव्हॉल्व्हर घ्यायला गेलेला माणूस काउंटरवर पहिली गोष्ट काय करतो, तर ते ट्यूबलाइटकडे तिरपं धरतो. नळीवर उजेड नीट पळाला की मान डोलावतो. कडेचा काळा रंग उडून पांढरं लोखंड दिसलं की तोंड वाकडं करतो. आणि मग हजारो रुपये जास्त मोजून चकचकीत पण बिघडलेलं घरी आणतो, किंवा ठणठणीत पण खरचटलेलं परत ठेवतो. दोन्ही चुका मी बघितल्यात, पहिली तर मी स्वतःच करणार होतो.

हा लेख ज्यांच्याकडे वैध शस्त्र परवाना आहे आणि ज्यांना .३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) जुनं रिव्हॉल्व्हर घ्यायचंय, त्यांच्यासाठी. आपल्याकडे बाजारात बहुतेक वेळा समोर येतं ते कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याचं, मधोमध मोडून उघडणारं, सहा गोळ्यांचं. काही वेळा एखाद्या घरातून निघालेलं जुनं ब्रिटिश वेब्ली किंवा अमेरिकन बनावटीचं. क्रम मात्र दोघांनाही हाच: आधी कागद, मग क्रमांक, मग यंत्रणा, मग नळी, आणि रूप सगळ्यात शेवटी. लोक हा क्रम नेमका उलटा लावतात.

टप्पा १ : निघण्यापूर्वी

परवाना काढून पुन्हा वाचा. त्यावर रिव्हॉल्व्हर लिहिलंय की पिस्तूल, बोअर कोणतं, खरेदीची मुदत शिल्लक आहे का. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन चालत. वडिलांची बारा बोअर आणि स्वतःची एक अशा दोन आधीच नावावर असतील तर पुढचं वाचून उपयोग नाही.

परवानाधारक विक्रेत्याकडून न घेता थेट दुसऱ्या परवानाधारकाकडून घेत असाल तर शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ५ बघा. विकणाऱ्यानं जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारींना लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. 'आधी घेऊन जा, कागद मागून करू' असं म्हणणारा कितीही जवळचा असो, त्याला हात जोडा.

सोबत न्यायच्या वस्तू: छोटा टॉर्च, जुन्या धोतराचा किंवा बनियनचा सुती तुकडा, पांढरा कागद, भिंग, पेन्सिल, आणि मोटारसायकलचा मेकॅनिक टॅपेट सेट करायला वापरतो ती फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा. ही शेवटची वस्तू कुणीच नेत नाही. शंभर-दोनशे रुपयांची पट्टी आहे, पण दुकानात ती खिशातून काढली की समोरच्याची बोलण्याची पट्टी बदलते.

> सावध : हातात घेतल्यावर पहिलं काम, उघडून सहाही चेंबर (गोळ्या बसतात ती भोकं) रिकामे आहेत हे डोळ्यानं बघा आणि बोट लावून बघा. विक्रेत्यानं आत्ताच उघडून दाखवलं असलं तरी. नळीचं तोंड कायम अशा भिंतीकडे जिच्यापलीकडे माणूस नाही, आणि बोट चापाबाहेर.

टप्पा २ : क्रमांक आणि अक्षरं

इथे रूप आणि कायदा एकमेकांत अडकतात, म्हणून सावकाश जाऊ.

रिव्हॉल्व्हरवरचा क्रमांक विकणाऱ्याच्या कागदावरच्या नोंदीशी अंक-अंक जुळवा. भिंग लावा. ३ आणि ८, १ आणि ७ यांत गल्लत होते, आणि पूर्वीच्या कारकुनाच्या हातून ती आधीच झालेलीही असू शकते. मग अंकांची खोली बघा. कारखान्यात ठोकलेल्या अंकाची कड टोकदार असते, नखाला लागते. अंक उथळ, कडा गोल, एखादा अंक अर्धा पुसट, तर ते रिव्हॉल्व्हर बफिंगच्या चाकावर जाऊन आलंय. कुणीतरी गंज काढताना चमक आणली आणि चमक आणताना क्रमांक खाल्ला.

त्याच अधिनियमाचं कलम ८ म्हणतं की बनवणाऱ्याचं नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह मिटवायचं नाही, आणि असं चिन्ह नसलेली बंदूक ज्याच्याकडे सापडेल त्यानंच ते मिटवलं असं गृहीत धरलं जाईल. उलट सिद्ध करायची जबाबदारी त्याची. म्हणजे दहा वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या हौसेनं झालेली पॉलिश उद्या तुमच्या गळ्यात. अंक वाचता येत नसतील तर किंमत विचारूच नका.

> तपासा : क्रमांकाचा, कारखान्याच्या नावाचा आणि प्रूफ शिक्क्यांचा (दाबाच्या चाचणीत उतरल्याची खूण) मोबाइलवर फोटो घ्या, विक्रेत्याला विचारून. घरी मोठा करून कागदाशी पुन्हा ताडा. तिथल्या तिथे पैसे देऊ नका.

टप्पा ३ : यंत्रणा

माझी फजिती होणार होती ती इथे. एका दुकानात दोन रिव्हॉल्व्हरं समोर ठेवली होती. एक आरशासारखं. दुसऱ्याची नळी तोंडाशी पांढरी पडलेली, सिलिंडरच्या (सहा चेंबर असलेला फिरता भाग) कडा घासलेल्या, मुठीवर एक चीर. पहिल्याचा भाव बराच जास्त, आणि मी त्याचाच हिशेब डोक्यात करत होतो. सोबतचे काका, आयुष्यभर लेथवर काम केलेले, म्हणाले, "घोडा ओढ. पण झोपेत असल्यासारखा ओढ." घोडा म्हणजे चाप नव्हे, काडतुसावर आपटणारा मागचा खटका. तीन चेंबर बरोबर आले. चौथ्याला घोडा पूर्ण मागे अडकला तरी सिलिंडर अजून बसला नव्हता. बोटानं किंचित ढकलल्यावर टक् करून बसला. म्हणजे गोळी सुटण्याच्या क्षणी तो चेंबर नळीच्या सरळ रेषेत येईलच याची खात्री नाही. अशा वेळी गोळीचा कडेचा भाग नळीच्या तोंडावर आपटतो आणि शिशाचे कण बाजूला उडतात, शेजारी उभ्या माणसाच्या गालापर्यंत. मग घासलेलं उचललं. सहाही चेंबर घड्याळासारखे.

तर ही तपासणी अशी करा. रिकामं आहे हे पुन्हा बघा. विक्रेत्याची परवानगी घ्या, आणि त्याच्याकडे डमी काडतुसं असतील तर ती भरा.

(क) डाव्या हाताच्या बोटानं सिलिंडरला अगदी हलका अटकाव द्या आणि उजव्या अंगठ्यानं घोडा सावकाश मागे न्या. घोडा अडकायच्या आधी किंवा अडकतानाच सिलिंडर खाचेत बसल्याचा आवाज आला पाहिजे. सहाही चेंबरना करा. कोणता झाला, कोणता राहिला हे कळायला पेन्सिलीनं एका चेंबरच्या कडेला खूण करा, नाहीतर तुम्ही एकच दोनदा तपासाल.

(ख) चाप दाबून धरलेला, घोडा खाली, या स्थितीत सिलिंडर डावी-उजवीकडे हलवा. अगदी बारीक हालचाल चालते. खुळखुळत असेल तर सिलिंडर जागी धरणारा अडसर किंवा त्याच्या खाचा झिजल्या.

(ग) आता सिलिंडर पुढे-मागे हलवा. नंतर सिलिंडर आणि नळी यांच्या फटीत फीलर गेज घाला. ०.१० ते ०.२० मिलिमीटरची पट्टी जाऊन पुढची अडली तर उत्तम. ०.३० ची सहज शिरत असेल तर वायू बाजूला निसटतो, जोर कमी होतो, आणि झीज पुढे वाढतच जाते. फट मोजताना सिलिंडर मागे दाबून एकदा आणि पुढे दाबून एकदा मोजा. दोन आकड्यांत मोठा फरक निघाला तर तो खेळ आहे, फट नव्हे.

(घ) घोडा पूर्ण मागे अडकवा, चापाला हात न लावता अंगठ्यानं घोड्याला मागून पुढे दाबा. पडता कामा नये. पडला तर कुणीतरी 'चाप हलका करून' घेतलाय, कानसीनं. असं रिव्हॉल्व्हर फुकट मिळालं तरी नको.

(च) मोडून उघडणाऱ्याला आणखी एक. बंद करून एका हातात मूठ, दुसऱ्यात नळी धरा आणि खाली-वर, मग आडवं, हळूच वाकवल्यासारखं करा. बिजागर आणि वरची खिटी यांच्यात खेळ जाणवतो का? या जातीच्या रिव्हॉल्व्हरचं खरं वय इथे कळतं. नळीवरचं ब्ल्यूइंग (लोखंडाला गंजापासून वाचवणारा काळा-निळा रंग) पुन्हा करता येतं, पण सैल झालेली खिटी घट्ट करणारा कसबी हात आता शोधावा लागतो.

सिलिंडर बाजूला निघणाऱ्या जातीत (वेब्लीऐवजी अमेरिकन, किंवा २०२३ मध्ये कानपूरहूनच आलेलं 'प्रबल') बिजागर नाही, पण सिलिंडर ज्या दांड्यावर फिरतो तो वाकलेला असू शकतो. सिनेमात मनगटाच्या झटक्यानं सिलिंडर बंद करतात ना, त्यानंच वाकतो. विक्रेता स्वतःच तसं करून दाखवत असेल तर ते रिव्हॉल्व्हर आजवर कसं वापरलं गेलं याचा अंदाज येतो.

> सावध : 'शेतावर जाऊन दोन झाडून बघू' हा तपासणीचा भाग नाही. चाचणी करायची तर तसा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे किंवा मान्य रेंजवर. निष्काळजी किंवा जल्लोषाच्या गोळीबाराला २०१९ पासून वेगळी शिक्षा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

टप्पा ४ : नळी आणि चेंबर आतून

उघडून मागच्या बाजूला पांढरा कागद धरा, त्यावर टॉर्च मारा, आणि पुढून बघा. आतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचा) स्पष्ट, कडा धारदार दिसल्या पाहिजेत. इथे तीन गोष्टी सारख्याच काळ्या दिसतात, आणि लोक त्या एकच समजतात.

राखाडी लांबट रेघा म्हणजे बहुधा शिसं. साफ न केलेल्या नळीत गोळीचं शिसं चिकटून राहतं, ब्रश मारला की निघतं. भाव पाडायला उपयोगी, घाबरायला नाही. दुसरं, बारीक काळे खड्डे, म्हणजे गंजानं खाल्लेलं. थोडे असतील तर दहा-पंधरा पावलांवरच्या नेमात फारसा फरक पडत नाही, मात्र साफ करणं जन्मभर कटकटीचं. तिसरं, नळीच्या मध्येच एक गोल अंधुक कडं. ते फुगवटा असण्याची शक्यता फार: आधीची गोळी आत अडकलेली असताना पुढची झाडली गेली. बाहेरून बोट फिरवलं तर कधी कधी उंचवटा लागतो, आणि पॉलिश केलेला असेल तर लागत नाही. असं रिव्हॉल्व्हर ठेवून द्या.

चेंबरही बघा. नळीपेक्षा चेंबरमधला गंज जास्त त्रास देतो, कारण पितळेची पुंगळी त्या खड्ड्यांत रुतते आणि सुटत नाही. बाहेरून लख्ख, आत चेंबर खरबरीत, हे मी दोनदा पाहिलंय.

आणि नळीचं तोंड. तिथे बाहेर घासलेलं असणं वेगळं आणि आतल्या कडेला टोचा पडलेला असणं वेगळं. पहिलं होल्स्टरचं (कंबरेच्या चामडी म्यानाचं) काम, दुसऱ्यानं गोळी तिरपी जाते.

> तपासा : नळीवर बोअर काय कोरलंय? आपण दोन्हींना 'बत्तीस' म्हणतो, पण रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब आणि बुडाला पूर्ण कड असलेलं, पिस्तुलाचं आखूड. पिस्तुलाचं काही रिव्हॉल्व्हरमध्ये शिरतंसुद्धा. त्याचा दाब जास्त असतो. शिरतं म्हणून चालतं असं नाही.

टप्पा ५ : आता रूप बघा

घासलेलं ब्ल्यूइंग हा दोष नाही. नळीच्या तोंडाशी, सिलिंडरच्या पुढच्या कडेला, फ्रेमच्या उंच धारांवर पांढरं पडलं असेल तर ते चामड्याच्या होल्स्टरमधून आत-बाहेर करून पडलंय. अशी झीज प्रामाणिक असते: जिथे घासायला हवं तिथेच घासलेलं. त्यावरून उलट एक गोष्ट कळते, की ते कंबरेला जास्त राहिलं आणि झाडलं कमी गेलं असावं. घासलेल्या जागी ब्ल्यूइंगचं संरक्षण नाही एवढंच. म्हणजे तेलाचा बोळा तिथे जास्त वेळा फिरवायचा.

घाबरायचं ते नव्या रंगाला. पुन्हा केलेलं ब्ल्यूइंग ओळखायला पाच जागा: धारा गोल झाल्यात का; स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट झाल्यात का; अक्षरं उथळ आहेत का; रंगाखाली बारीक खड्डे दिसतात का; आणि जे भाग मुळात रंगवलेले नसतात तेही काळे केलेत का. स्क्रूच्या खाचा चावल्यासारख्या दिसल्या तर आत कुणाचा तरी हात गेलाय, आणि तो हात कारागिराचा नव्हता.

नवा रंग म्हणजे दरवेळी फसवणूक असंही नाही. कोकणात, खाऱ्या हवेत, वापरातल्या कानपुरी रिव्हॉल्व्हरला दुरुस्तीचा परवाना असलेल्याकडून ब्ल्यूइंग करून घेणं शहाणपणाचं. त्याचे पैसे विकताना परत येत नाहीत, पण लोखंड वाचतं. जुन्या परदेशी रिव्हॉल्व्हरचं गणित वेगळं. खासगी माणसाला बाहेरून हत्यार आणणं ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून जवळपास बंद झालं, तेव्हापासून अशांचा भाव नावावर आणि दुर्मीळपणावर चालतो. तिथे मूळ रंग, उडालेला का असेना, हीच किंमत. तो घासून नवा केला की जाणकार गिऱ्हाईक मागे सरतं. आणि एवढं देऊन घेतलेल्या वस्तूचा तुटलेला एखादा भाग मिळवायला किती हिंडावं लागतं ते ज्यानं सोसलंय त्यालाच विचारा.

क्रोम किंवा निकेल चढवलेलं दिसलं तर भिंग पुन्हा काढा. पापुद्रा सुटलेल्या जागी खाली गंज वाढत असतो. मोटारसायकलचे हँडल चमकवणाऱ्या दुकानातून चढवून घेतलेलं क्रोम मी पाहिलंय. त्यानं चेंबरचं माप बदलतं, आणि कडक पोलाद ठिसूळ होऊ शकतं ते वेगळंच. शिवाय परवाना नसलेल्याच्या हातात दुरुस्तीला हत्यार देणं हाच गुन्हा.

मुठीच्या पट्ट्या हा बहुतेकांचा शेवटचा विचार असतो. माझा सल्ला, विक्रेता तयार असेल तर त्या काढायला लावा. घाम आणि पावसाळी ओल तिथे साठते, आणि वर कितीही पॉलिश असो, पट्टीखाली कुणी पॉलिश करत नाही. पट्टी स्वतः चिरलेली असेल तर ते बारीकसारीक काम.

टप्पा ६ : भाव

एका कागदावर तीन ओळी करा. कागदपत्र-क्रमांक, यंत्रणा-नळी, रूप. पहिल्या ओळीत एकही खोट असेल तर व्यवहार नाही. दुसऱ्या ओळीतली प्रत्येक खोट परवानाधारक दुरुस्तीवाल्याला आधी विचारायची, आणि तो 'बघतो' म्हणाला तर त्याचा अर्थ 'होणार नाही' असा धरायचा. तिसऱ्या ओळीवर मात्र मनसोक्त घासाघीस करा. पांढरी पडलेली नळी, चिरलेली मूठ, डागाळलेला सिलिंडर, हे सगळं नाक मुरडत मोजून दाखवा. तुमचा फायदा याच ओळीत आहे, कारण बाकीची गिऱ्हाइकं ट्यूबलाइटकडे बघून निघून गेलेली असतात.

एक विचारायचं राहतं: हे ठाण्यात किती वेळा जमा झालं? निवडणुकीच्या काळात हत्यारं जमा करून घेतात, आणि २०२४ मध्ये तर लोकसभा आणि विधानसभा दोन्ही झाल्या. विधानसभेची थंडीच्या तोंडावर, पावसाळ्याची ओल अजून चामड्यात असताना. होल्स्टरसकट पिशवीत गुंडाळून महिना-दीड महिना पडून राहिलेल्या रिव्हॉल्व्हरच्या एकाच बाजूला, जिकडे चामडं टेकलं होतं तिकडे, ठिपक्याठिपक्यांचा गंज दिसतो. वरवरचा लालसर असेल तर तेल आणि सुती कपड्यानं जातो. नख अडकलं तर खड्डा, तो राहणार.

टप्पा ७ : घरी आणल्यावर

परवान्यावर नोंद करून घ्या, मुदतीत. विक्रेता सोबत जुनी काडतुसं 'अशीच' देत असेल तर घेऊ नका. त्यांचीही नोंद लागते, आणि हिरवी पडलेली काडतुसं तशीही कामाची नाहीत.

चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून कपाटात ठेवायचं नाही. चामडं कमावताना वापरलेले क्षार ओल धरतात. कोरडं पुसून, शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात देऊन, सुती कपड्यात, कुलूपबंद. पावसाळ्यात दर पंधरवड्याला उघडून बघा. खोबरेल मात्र नको. घरोघरी तेच वापरतात आणि डिसेंबरात तक्रार करतात की घोडा जड झालाय. बाटलीतलं खोबरेल थंडीत गोठतं तसंच ते आतही गोठतं, आणि वर्ष-दोन वर्षांत त्याचा चिकट थर होतो. दुकानात चौथा चेंबर अडला आणि आत खोबरेल दिसलं, तर आधी साफ करायला लावा आणि मग (क) पासून पुन्हा सुरू करा.